स्मरण, वाढ आणि सार्वकालिक जीवन

शास्त्रभाग : यहोशवा ४:१-७, स्तोत्र ९०, यशया ४९:१४-१६, लूक २३:३९-४३, १ करिंथ १३:८-१२ व १५:३५-४९
मध्यवर्ती विचार : आपले स्मरण अपुरे आहे आणि ते सरतेही, देवाचे स्मरण सरत नाही.



आपल्या मंडळ्यांतील वृद्धांना भेटण्यासाठी घरोघर जाणे होते, तेव्हा एक प्रश्न हल्ली पुष्कळदा कानावर येतो. माणसे पूर्वीपेक्षा अधिक वर्षे जगू लागली आहेत, आणि वयाबरोबर कित्येकांची आठवणही जाऊ लागली आहे. ज्या आईने चाळीस वर्षे रविवारच्या शाळेत मुलांना वचने पाठ करून घेतली, तिला आज आपल्या मुलाचे नाव आठवत नाही. घरचे लोक दबक्या आवाजात विचारतात, "हिला प्रभूचे नाव तरी आठवत असेल का? आणि आठवत नसेल, तर हिच्या विश्वासाचे काय?" हा प्रश्न विचारणाऱ्याला उत्तराची फार गरज असते. "प्रार्थना करा, सर्व ठीक होईल" एवढे सांगून आपल्याला मोकळे होता येत नाही.

या पाठात आपण स्मरण, वाढ आणि मरणानंतरचे जीवन या तीन विषयांचा एकत्र विचार करणार आहो. उदाहरणे मुद्दाम आदिलाबाद भागातील घेतली आहेत. एक तर तेथे मराठी बोलणारे लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत आलेले आहेत. दुसरे असे की, स्मरण म्हणजे काय, ते कसे टिकते आणि कोठे अपुरे पडते, हे दाखवणाऱ्या खुणा त्या भागात ठिकठिकाणी उभ्या आहेत.

१. आपले दिवस

पैनगंगेच्या दक्षिण तीरावरील एखाद्या खेड्यात १९३५ च्या सुमारास जन्मलेल्या मनुष्याचा विचार करा. तो जन्मला तेव्हा त्याचे गाव निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. १९४८ साली ते संस्थान भारतात सामील झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचना झाली आणि गाव आंध्र प्रदेशात गेले. त्याच वेळी राजुरा, किनवट व इस्लापूर हे भाग आदिलाबाद जिल्ह्यातून निघून तेव्हाच्या मुंबई राज्याला जोडले गेले, आणि मुधोळ-भैंसा हा भाग नांदेडहून आदिलाबादेत आला. एका गावची मुलगी शेजारच्या गावी दिलेली, तर माहेर एका राज्यात आणि सासर दुसऱ्या राज्यात, असे कित्येक घरी झाले. पुढे २ जून २०१४ रोजी तेलंगण राज्य झाले. ऑक्टोबर २०१६ मध्ये जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचेही चार जिल्हे झाले : आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल आणि कुमरम भीम आसिफाबाद.

हा मनुष्य आपले घर सोडून कोठे गेला नाही. अंगणातले कडुनिंबाचे झाडही तेच. पण त्याच्या डोक्यावरची सत्ता बदलली, कचेरीची भाषा बदलली, नातवंडांच्या शाळेची भाषा बदलली. तो मराठीत प्रार्थना करतो, आणि नातू शेजारी बसून तेलुगूत शास्त्र वाचतो.

नव्वदाव्या स्तोत्रात मोशे मनुष्याच्या आयुष्याची तुलना सकाळी उगवून संध्याकाळी सुकणाऱ्या गवताशी करतो, आणि आपले दिवस मोजण्याचे शहाणपण देवापाशी मागतो. दिवस मोजणे म्हणजे मरणाची भीती बाळगत बसणे नव्हे. ज्या गोष्टी कायमच्या आहेत असे आपण धरून चालतो त्या किती थोड्या काळाच्या आहेत हे ओळखणे, आणि जे खरोखर कायमचे आहे त्यावर घर बांधणे, असा त्याचा अर्थ आहे. पौलाने फिलिप्पैकरांस लिहिले की आपले नागरिकत्व स्वर्गातले आहे (३:२०). फिलिप्पै हे रोमी वसाहतीचे नगर होते, आणि रोमी नागरिकत्वाचा तेथे मोठा अभिमान होता. अशा लोकांना हे वाक्य लिहिले गेले. सरहद्दीवर राहणाऱ्यांना ते अधिक लवकर समजावे, कारण पृथ्वीवरील नकाशे एका आयुष्यात किती वेळा पुसले जातात हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले आहे.

२. दगड काय सांगतात

यार्देन नदी ओलांडल्यावर यहोशवाने नदीच्या पात्रातून बारा दगड उचलून आणावयास सांगितले. कारणही स्पष्ट केले : पुढे मुले विचारतील की हे दगड कशासाठी, आणि तेव्हा वडीलधाऱ्यांनी त्यांना काय घडले ते सांगावे. येथे दगडाचे काम प्रश्न उत्पन्न करण्याचे आहे. उत्तर मात्र जिवंत माणसानेच द्यावयाचे आहे. ज्या घरी मुलाने विचारले नाही किंवा बापाने सांगितले नाही, त्या घरी दगड हा केवळ दगड राहतो.

आदिलाबाद भागातील तीन खुणा पाहा.

पहिली खूण जोडेघाट येथे आहे. जंगल, जमीन व पाणी यांवरील आदिवासींच्या हक्कांसाठी लढणारा गोंड पुढारी कुमरम भीम १९४० साली निजामाच्या पोलिसांच्या गोळ्यांनी तेथे मारला गेला. त्याचा स्मृतिदिन लोक आश्विन पौर्णिमेला पाळतात, म्हणजे इंग्रजी तारखेप्रमाणे तो दरवर्षी निराळ्या दिवशी येतो. कॅलेंडर न पाहता चंद्राकडे पाहून लोकांनी हे स्मरण राखले आहे.

दुसरी खूण इंद्रवेल्ली येथील स्तंभ होय. २० एप्रिल १९८१ रोजी आपल्या जमिनीच्या मागण्यांसाठी जमलेल्या गोंडांवर तेथे पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकडा तेरा मृतांचा आहे. लोक याहून पुष्कळ अधिक सांगतात. स्मरणार्थ उभारलेला स्तंभ एकदा पाडला गेला, आणि पुन्हा उभारला गेला. त्या तारखेस तेथे जमण्यास कित्येक वर्षे बंदी असे. स्मरणाला लोक भितात, असा याचा अर्थ. ज्या गोष्टीची आठवण ठेवली जाते तिचा जाब कधीतरी द्यावा लागतो.

तिसरी खूण मार्लवाई या लहानशा गावी आहे. व्हिएन्नाचे मानवशास्त्रज्ञ क्रिस्टॉफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ आणि त्यांची इंग्रज पत्नी एलिझाबेथ (सर्वजण त्यांना बेट्टी म्हणत) हे १९३९ साली महायुद्ध सुरू झाले तेव्हा हैदराबाद संस्थानात होते. शत्रुराष्ट्राचे पारपत्र असल्यामुळे हायमेनडॉर्फ यांच्यावर बंधने आली, परंतु निजाम सरकारने त्यांना संस्थानातील आदिवासींमध्ये अभ्यास करू दिला. १९४० नंतरच्या वर्षांत हे दांपत्य मार्लवाईत झोपडी बांधून राहिले. आदिवासींच्या जमिनी कशा हातच्या जात आहेत हे त्यांनी पाहिले व सरकारपुढे मांडले. पुढे पुष्कळ गोंड व कोलाम कुटुंबांना जमिनीचे पट्टे मिळाले. १९४३ साली मार्लवाईत गोंड शिक्षक तयार करण्याचे केंद्र सुरू झाले. गोंडी भाषेला तेथे रूढ अशी स्वतःची लिपी नव्हती, म्हणून पहिली गोंडी वाचनपुस्तके आपल्या देवनागरीतच छापली गेली.

बेट्टीबाई ११ जानेवारी १९८७ रोजी हैदराबादेत वारल्या, आणि त्यांचा देह मार्लवाईत पुरला गेला. हायमेनडॉर्फ १९९५ साली लंडन येथे निवर्तले, व त्यांची रक्षा २०१२ साली आणून पत्नीच्या शेजारी ठेवण्यात आली. दरवर्षी ११ जानेवारीस गावकरी त्या ठिकाणी जमतात. ज्यांनी त्या दोघांना प्रत्यक्ष पाहिले होते असे लोक आता फार थोडे उरले आहेत. तरी गावाने स्मरण सोडलेले नाही, कारण जमिनीचा पट्टा आणि वाचता येणारी मुले हे त्या स्मरणाचे पुरावे घरोघर आहेत.

या तीन खुणांवरून स्मरणाची तीन कामे आपल्या ध्यानात येतात. ते उपकाराची जाणीव ठेवते, झालेल्या अन्यायाला झाकू देत नाही, आणि मागून येणाऱ्यांवर जबाबदारी टाकते. इस्राएल लोकांना देवाने वारंवार स्मरण करावयास सांगितले ते याच तीन कारणांसाठी. मिसर देशातून सुटका झाली म्हणून उपकार माना. तुम्हीही तेथे गुलाम होता हे ध्यानात ठेवा. आणि म्हणून तुमच्यामधील परदेशी, अनाथ व विधवा यांना बुडवू नका (अनुवाद २४:१७-२२). जे स्मरण आपल्याला दुर्बळाशी न्यायाने वागावयास लावत नाही, ते शास्त्राच्या दृष्टीने अजून अर्धेच आहे.

३. स्मरण हे केवळ डोक्यात नसते

आणखी एक गोष्ट शेजाऱ्यांकडून शिकण्याजोगी आहे. केस्लापूर येथे पौष अमावास्येला मेस्राम कुळाच्या गोंडांची नागोबाची जत्रा भरते. त्याआधी कुळातील लोक गोदावरीचे पाणी आणण्यासाठी अनेक दिवस पायी चालत जातात व तसेच परततात. कुळात नव्याने आलेल्या सुनांची देवतेपुढे भेट करविली जाते, आणि तेथपासून त्या कुळाच्या समजल्या जातात. परधान लोक किंगरी वाजवून कुळाच्या कथा गातात. आपली श्रद्धा निराळी आहे, आणि तो फरक आपण लपवत नाही. पण ज्या लोकांपाशी शतकानुशतके पुस्तके नव्हती, त्यांनी आपली आठवण पायांत, गळ्यात आणि एकत्र येण्यात कशी जपली, हे पाहून आपण विचारात पडावे.

आपल्या प्रभूनेही आपल्या स्मरणासाठी पुस्तक लिहून ठेवले नाही. त्याने भाकर मोडली, प्याला दिला, आणि हे करीत राहा असे सांगितले. प्रभुभोजनात आपण हात पुढे करतो, खातो, पितो, शेजारच्या भावाबरोबर गुडघे टेकतो. ज्याला लांब प्रवचन समजत नाही त्यालाही हे समजते. लहान मुले व अतिवृद्ध माणसे यांना उपासनेत का आणावे, याचे एक उत्तर यात आहे. शब्द विसरल्यावरही शरीराला पुष्कळ गोष्टी आठवत असतात.

४. वाढ कशी होते

आदिलाबादच्या रानात साग पुष्कळ. सागाचे झाड कोरड्या दिवसांत पाने टाकते, त्याची वाढ जवळजवळ थांबते, आणि पाऊस लागला की ती पुन्हा सुरू होते. म्हणून कापलेल्या खोडावर वर्षावर्षाची वलये दिसतात. चांगल्या पावसाचे वलय रुंद, अवर्षणाचे अरुंद. अवर्षण सरले म्हणून ते अरुंद वलय नाहीसे होत नाही. पुढची वाढ त्याच्या भोवतीने होते. आणखी एक गोष्ट सुतारांना ठाऊक असते. खोडाचा मधला गडद गाभा हाच सागाचा सर्वांत टिकाऊ भाग, पण त्या गाभ्यातल्या पेशी केव्हाच मेलेल्या असतात. झाडाचा जिवंतपणा बाहेरच्या थोड्या भागात असतो, आणि त्या जिवंत भागाला उभे धरण्यास आतला गाभा हातभार लावतो.

आपल्या आयुष्याचेही असेच आहे. बालपणाची पहिली दोनतीन वर्षे आपल्यापैकी बहुतेकांना मुळीच आठवत नाहीत. पण त्या वर्षांत आईने जे जवळ घेतले, जे बोल कानी पडले, त्यांवरच पुढचे सारे उभे राहिले. आठवत नाही म्हणून ते झाले नाही असे होत नाही. आपल्या आजच्या विश्वासाच्या आतही किती माणसे गाभा होऊन उभी आहेत! कोणी आपल्याला पहिले गीत शिकवले, कोणी परीक्षेच्या दिवशी प्रार्थना केली. त्यांची नावेही आता सांगता येणार नाहीत.

येशूविषयी लूक सांगतो की तो ज्ञानाने व शरीराने वाढत गेला, आणि देवाच्या व मनुष्यांच्या कृपेतही वाढला (२:५२). देवाच्या पुत्राने वाढण्याचा मार्ग टाळला नाही, तर आपल्याला एकदम पूर्ण होण्याची घाई का असावी? पौलही लहानपणचे बोलणे व समजणे आणि प्रौढपण यांचा फरक सांगून लगेच म्हणतो की, आताचे आपले पाहणे आरशातल्या अस्पष्ट प्रतिमेसारखे आहे. म्हणजे प्रौढ मनुष्यदेखील पुढील जीवनाच्या मानाने अजून मूलच होय.

आपल्या मराठी मंडळीत याचे मोठे उदाहरण लक्ष्मीबाई टिळक यांचे आहे. लहानपणी त्यांना शाळेचे शिक्षण मिळाले नव्हते; अक्षरओळख झाली ती लग्नानंतर. रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१९ साली वारले तेव्हा त्यांचे 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अपुरे राहिले होते. ते पुढे नेण्याचे काम लक्ष्मीबाईंनी वृद्धपणी अंगावर घेतले, आणि बहुतेक काव्य त्यांच्याच हातून लिहून झाले. त्यांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून पुस्तकरूपाने येऊ लागली, आणि १९३६ साली त्या प्रभूकडे गेल्या. साठी उलटल्यावर माणसाची वाढ संपते असे मानणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. त्या आठवणींत त्यांनी स्वतःची फजिती लपवली नाही आणि पतीचे दोषही झाकले नाहीत, तरी वाचणाऱ्याच्या मनात कटुता उरत नाही. क्षमा झालेल्या माणसाचे स्मरण असे असते.

५. स्मरण सरते तेव्हा

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू.

प्रथम काही व्यावहारिक गोष्टी. वृद्धपणी होणारा प्रत्येक विसर हा सारखा नसतो. थायरॉइडचा विकार, ब-१२ या जीवनसत्त्वाची कमतरता, मनाची खिन्नता, काही औषधांचा परिणाम यांनीही विसर पडतो, आणि त्यांवर उपाय होऊ शकतो. म्हणून "म्हातारपण आहे, चालायचेच" असे न म्हणता डॉक्टरांना दाखवावे. स्मृतिभ्रंशाच्या ज्या रोगाला अल्झायमर म्हणतात, त्याचे वर्णन त्या नावाच्या जर्मन डॉक्टरांनी १९०६ साली प्रथम मांडले. हा मेंदूचा आजार आहे. तो शाप नव्हे, पापाची शिक्षा नव्हे, आणि विश्वास कमी असल्याची खूणही नव्हे. ज्या मंडळीत अशी कुजबुज चालते तिने ती थांबवावी.

या रोगात सामान्यतः ताज्या गोष्टी आधी जातात व जुन्या मागाहून. सकाळी काय खाल्ले ते सांगता येत नाही, पण लहानपणीचे गीत पहिली ओळ सुरू करून दिली की पुष्कळदा पुढे चालू होते. ज्यांनी आयुष्यात दोन भाषा वापरल्या, त्यांना शेवटी पहिल्या भाषेचाच आधार उरतो असेही अनेकदा दिसते. सरहद्दीवरील कुटुंबांनी यावरून एक गोष्ट मनावर घ्यावी. नातवंडांनी तेलुगू, हिंदी, इंग्रजी अवश्य शिकावी; पण आजीची मराठी प्रार्थना व दोनचार गीते त्यांना पाठ असू द्या. एक दिवस तिच्याशी बोलण्याची तेवढीच वाट उरलेली असेल.

आता शास्त्र काय सांगते ते पाहू. पवित्र शास्त्रात देव स्मरण करतो असे लिहिलेले आढळते, तेथे लगेच पुढे काही घडते. देवाने नोहाची आठवण केली आणि वारा सुटून पाणी ओसरू लागले (उत्पत्ति ८:१). राहेलीची आठवण केली आणि तिला मूल झाले (३०:२२). अब्राहामाशी केलेल्या कराराची आठवण केली आणि मोशेला पाठविले (निर्गम २:२४). देवाचे स्मरण म्हणजे एखादी माहिती त्याच्या मनात असणे एवढेच नव्हे. ज्याची तो आठवण करतो त्याच्याकडे तो वळतो आणि त्याच्यासाठी काही करतो.

यशयाच्या द्वारे देव विचारतो की आईला आपल्या तान्ह्याचा विसर पडेल काय. आणि मग तोच म्हणतो की तसे घडले तरी आपण विसरणार नाही, कारण त्याने आपल्याला तळहातावर कोरून घेतले आहे. आई विसरणार नाही असे शास्त्र येथे म्हणत नाही, हे नीट पाहा. आई विसरू शकते, हे देवाला ठाऊक आहे. आजाराने तिचे मन रिकामे होऊ शकते. म्हणूनच आपल्या तारणाचा आधार आईच्याही स्मरणावर ठेवलेला नाही, मग आपल्या स्वतःच्या स्मरणावर तो कसा असेल?

वधस्तंभावरील चोराने येशूजवळ एवढेच मागितले की आपली आठवण व्हावी. त्याच्यापाशी पाठ केलेली वचने नव्हती, मंडळीच्या वहीत नाव नव्हते, आणि पुढे सुधारून दाखवावयास वेळही नव्हता. प्रभूने मागितल्यापेक्षा अधिक दिले : त्याच दिवशी आपल्याबरोबर सुखलोकात असण्याचे वचन. या गोष्टीत तारण चोराला काय आठवत होते यावर अवलंबून नव्हते. प्रभू त्याची आठवण ठेवणार होता, यावर होते.

तेव्हा त्या घरच्या लोकांना आपण निश्चयाने सांगू शकतो : तुमच्या आईला प्रभूचे नाव आठवत नसेल, परंतु प्रभूला तिचे नाव आठवते. तिने चाळीस वर्षे ज्याचा हात धरला, त्याने आता तिचा हात धरला आहे. तिचा विश्वास हरवलेला नाही. तो ज्याच्याकडे ठेव म्हणून दिला होता त्याच्याकडे आहे (२ तीमथ्य १:१२).

आणि मंडळीने त्याच्याबरोबर काही करावयाचे आहे. देवाचे स्मरण कृतीचे असते, तर आपलेही तसेच असावे. अशा घरी आठवड्यातून एक तास कोणी बसले, तर सांभाळ करणाऱ्या सुनेला वा मुलीला बाजारात जाता येते, डोळा लावता येतो. ओळखले नाही म्हणून भेटीस जाणे सोडू नका. भेट तिला संध्याकाळी आठवणार नाही. पण भेटीच्या वेळचे समाधान तिला त्या वेळी लाभलेले असते.

६. पुढचे जीवन

मरणानंतर काय, याविषयी शास्त्र जितके सांगते तितकेच आपण सांगावे. श्रीमंत मनुष्य व लाजर यांच्या दाखल्यात अब्राहाम त्या श्रीमंताला मागील आयुष्य आठवावयास सांगतो (लूक १६:२५). हा दाखला आहे, परलोकाचा नकाशा नव्हे. तरी त्याचा इशारा साफ आहे : दारातल्या लाजराला आज विसरणारा उद्या त्याला विसरू शकणार नाही.

करिंथकरांनी विचारले की मेलेले कशा प्रकारच्या शरीराने उठतात. पौलाने त्यांना पेरलेल्या दाण्याकडे पाहावयास सांगितले. आदिलाबादची काळी जमीन कापसाची आहे, तेव्हा आपल्याला सरकीचे उदाहरण घेता येईल. सरकी हातात घेतली तर त्या कठीण, काळपट दाण्यात पिवळे फूल दिसत नाही, आणि बोंडातला पांढराशुभ्र कापूसही दिसत नाही. दाणा फोडून पाहिला तरी सापडत नाही. पण कापूस येतो तो त्या सरकीचाच. ज्वारी येत नाही. म्हणजे जे उठेल ते आजच्याहून फार निराळे असेल, आणि तरी ते आपणच असू. आजाराने पुसलेले, अपघाताने मोडलेले, बालपणीच थांबलेले जे काही पेरले जाते, त्याला योग्य ते शरीर देणे हे देवाचे काम आहे. तेराव्या अध्यायात तोच प्रेषित म्हणतो की, देवाने आपल्याला जसे पूर्णपणे ओळखले आहे तसे आपणही तेव्हा ओळखू. आधी त्याची ओळख, मग आपली.

मृतांचे स्मरण करताना काही भाविकांच्या मनात शंका येते की, कबरेवर फुले ठेवणे वा स्मृतिदिन पाळणे हे योग्य की अयोग्य. आम्हांस असे वाटते की हेतू तपासावा. मृतांना प्रसन्न करण्यासाठी किंवा त्यांच्या भयाने काही करणे ख्रिस्ती मनुष्याला शोभत नाही, कारण ते ख्रिस्ताच्या हाती आहेत. पण त्यांच्याबद्दल देवाचे उपकार मानणे, त्यांचे सत्कार्य मुलांना सांगणे, आणि त्यांनी अर्धे सोडलेले काम हाती घेणे हे शास्त्राला धरून आहे. यहोशवाचे दगड हेच सांगतात.

शिक्षकांसाठी सूचना

लहान मुलांचा वर्ग : नदीकाठचे किंवा अंगणातले बारा दगड आणून मुलांकडून रचून घ्यावे. प्रत्येक दगड ठेवताना मुलाने देवाने आपल्या घरासाठी केलेली एक गोष्ट सांगावी. गोष्ट ठाऊक नसल्यास घरी विचारून पुढल्या रविवारी सांगावी.

मोठ्या मुलांचा वर्ग : प्रत्येकाने मंडळीतील एका वृद्धाची भेट घेऊन तीन गोष्टी वहीत लिहून घ्याव्या : लहानपणीचे आवडते गीत, पहिली शाळा, आणि देवाने सांभाळल्याचा एक प्रसंग. वृद्ध ज्या भाषेत बोलतील त्याच भाषेत लिहावे. वही मंडळीच्या कपाटात जपून ठेवावी.

प्रौढांचा वर्ग : पुढील प्रश्नांवर चर्चा करावी.

(१) आपल्या गावात कोणती खूण किंवा स्मारक आहे? त्याविषयी मुलांनी विचारल्यास आपल्याला काय सांगता येईल?
(२) आपल्या कोणत्या आठवणी उपकाराच्या आहेत व कोणत्या केवळ रागाच्या? रागाच्या आठवणींचे आपण काय करतो?
(३) आपल्या मंडळीत स्मृतिभ्रंश झालेले किती जण आहेत? त्यांच्या घरी मागील महिन्यात कोण गेले होते?
(४) दुर्बळाशी न्यायाने वागण्यास आपले स्मरण आपल्याला कोठे भाग पाडते?

तिसरा प्रश्न वगळू नये. त्याचे उत्तर नावानिशी द्यावे, आणि वर्ग सुटण्यापूर्वी या आठवड्यात कोण कोठे जाणार ते ठरवावे.

प्रार्थना

हे पित्या, आमचे दिवस थोडे आहेत आणि आमची आठवण त्याहूनही थोडी. ज्यांनी आम्हांला तुझे नाव शिकवले त्यांच्याबद्दल आम्ही तुझे आभार मानतो. ज्यांना आज आमची ओळख राहिली नाही, त्यांना तू ओळखतोस म्हणून आम्ही धीर धरतो. त्यांच्या सेवेत थकलेल्या हातांना बळ दे, आणि आम्हांला त्यांच्या दारी ने. ज्या दिवशी आमचेही स्मरण सरेल, त्या दिवशी तू आम्हांला विसरणार नाहीस या भरवशावर आम्हांला आज वाढू दे. प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.